३१ जुलैचा हिशेब

मे २०२४ च्या अखेरीस जळगाव जिल्ह्यात कलम १४४ अन्वये आदेश निघाला. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता; कारण होते ऊन. २५ मेपासून ३ जूनपर्यंत भर उन्हात मजुरांकडून काम करून घेण्यावर आणि दुपारच्या शिकवणी वर्गांवर निर्बंध आले. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जाणे आपल्याला नवे नाही. पण उन्हासाठी असा हुकूम निघावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

'हवामानबदल' हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि तो परदेशातल्या परिषदांचा विषय समजून पान उलटतो. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की, या प्रश्नाचे बरेचसे काम आपल्या गल्लीपर्यंत येणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे महानगरपालिकेकडे आहे. आणि ते किती झाले हे तपासण्याची सोयही कायद्यात आहे.

या कामाचे दोन भाग पडतात. वातावरण तापवणारे वायू कमी सोडणे हा पहिला, आणि जे तापमान वाढलेच आहे त्यापासून माणसांचा बचाव करणे हा दुसरा. धुळे नगरपालिका १८६२ सालची, जळगावची १८६४ सालची. दोन्ही शहरांत २००३ मध्ये महानगरपालिका आली. १९९३ पासून अमलात असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि घनकचरा यांच्या जोडीला नागरी वनीकरण व पर्यावरणरक्षण हे विषयही आहेत. म्हणजे नवे खाते उघडण्याची गरज नाही. जुनीच कामे नीट करावयाची आहेत.

प्रथम पाणी घेऊ. धुळ्याला नकाणे, डेडरगाव हे तलाव जवळचे. पण वाढत्या शहराला ते पुरेनात म्हणून तापीचे पाणी आणावे लागले. तापीचे पात्र शहराहून बरेच खाली आहे. पाणी वर चढते ते विजेवर. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला किमान पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपातील तूट आणि जलवाहिनीतले घर्षण धरले तर आणखी जास्त. आपल्या राज्यातील बरीच वीज अजूनही कोळशाची आहे. म्हणून चौकात फुटलेल्या नळातून पाणी वाहते, तेव्हा पाण्याबरोबर कोळसाही वाहून जात असतो. गळती थांबवणे हे हवामानाचे काम आहे, ते असे.

कचऱ्याचेही तसेच. ओला आणि सुका कचरा एकत्र ढिगात पडला की आतला ओला भाग हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. तोच ओला कचरा वेगळा ठेवून हवा खेळती ठेवली तर त्याचे खत होते. घंटागाडीत दोन कप्पे असतात ते याचसाठी. पण घरातच कचरा एकत्र झाला तर कप्प्यांचा उपयोग काय?

दुसरा भाग उन्हापासून बचावाचा. येथे शेजारच्या गुजरातचे उदाहरण घेण्यासारखे आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत फार माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा केला. त्यात तापमानाप्रमाणे आगाऊ इशारे, पिण्याच्या पाण्याची सोय आणि दवाखान्यांची तयारी होती. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही झाले. पांढरे छप्पर ऊन परतवते, एवढे साधे त्यामागचे शास्त्र आहे. आमच्या आजीच्या धाब्याच्या घरात मातीचे जाड छत होते. दुपारीही आत गारवा असे. आज आमच्या डोक्यावर पत्रे आहेत आणि एप्रिलात दुपारी पुस्तक उघडवत नाही. अशा घरांना चुन्याचा एक हात मिळाला तरी फरक पडेल.

आता झाडे. वृक्षारोपणाचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्यातील किती रोपे तिसरा उन्हाळा पाहतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर साक्री तालुक्यातील बारीपाड्याने दिले. हा छोटासा आदिवासी पाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात उजाड डोंगरावरचे जंगल राखायला घेतले. कुऱ्हाडबंदी केली, चराईवर बंधन घातले, नियम मोडणाऱ्यास दंड ठेवला आणि राखणदार नेमले. सुमारे अकराशे एकर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २०२५ मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याकडे महापालिकेसारखे अंदाजपत्रक नव्हते. त्यांच्याकडे नियम होता आणि तो पाळला जातो की नाही हे रोज पाहणारे डोळे होते.

शहरांसाठी असे डोळे कोणते? राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर स्थानिक संस्थांना गुण मिळतात. पहिल्याच वर्षी ६८६ संस्था त्यात उतरल्या. स्पर्धेने हुरूप येतो, हे खरे. पण परीक्षेतले गुण आणि अंगी मुरलेली विद्या यांतला फरक आपणा विद्यार्थ्यांना कोणी सांगायला नको.

म्हणूनच कायद्यातली एक तरतूद मला अधिक मोलाची वाटते. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महानगरपालिकेपुढे ठेवावयाचा असतो. पाणी, हवा, कचरा, झाडे यांचा तो वार्षिक ताळेबंदच होय. आपल्यापैकी कितीजणांनी तो पाहिला आहे? मीही हा लेख लिहायला बसेपर्यंत त्याचे नाव ऐकले नव्हते.

येत्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील भूगोल आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून हा अहवाल मागवावा, सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, आणि निदान एका रस्त्यावरची लावलेली झाडे स्वतः मोजून पाहावीत. आकडा जुळला तर पालिकेचे मोकळेपणाने अभिनंदन करू. न जुळला तर विचारू. बारीपाड्याच्या राखणदारांनी डोंगरावर याहून वेगळे काय केले?