झाडावर बसणाऱ्याचं ओझं

शिराळा आणि पाटण तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास रात्रीच्या मुक्कामी गाडीने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना डोंगराच्या पोटाशी, जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर मिणमिणणारे उजेड दिसले असतील. नवख्याला वाटतं, टेकाडावर घरं असावीत. घरं नसतात. आंब्याची, चिंचेची, ऐनाची झाडं असतात आणि त्यांच्या बेचक्यात बांधलेल्या मचाणावर एखादा शेतकरी बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन राखणीला बसलेला असतो. खाली भात, भुईमूग किंवा मका उभा असतो. वरच्या रानातून रानडुक्कर, गवा किंवा सांबर कधी उतरेल याचा नेम नसतो.

झाडावर चढून जनावराची वाट पाहणं ही माणसाची फार जुनी सवय आहे. हेतू मात्र बदलत गेले. संस्थानी काळात मचाण म्हटलं की शिकारच डोळ्यांपुढे येई. कोल्हापूर संस्थानाने तर दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखूनच ठेवलं होतं. हाकेकरी ढोल आणि डबे बडवत रान उठवत आणि बंदूकवाले झाडावर बांधलेल्या बाजेवर बसून सांबर टप्प्यात येण्याची वाट पाहत. बाज वर चढवणं, दोरखंड आवळणं, पाण्याचा घडा आणि गादी वर पोचवणं हे काम गावातल्या माणसांचं. साहेबाचं ओझं साहेबाला कधी उचलावंच लागलं नाही, म्हणून ते हलकं असावं असा विचारही कुणाच्या डोक्यात आला नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आमच्या भागात ते साल दुष्काळाचं म्हणून लक्षात आहे. सुकडी, खडी फोडणं आणि पाझर तलाव यांच्या आठवणींत हा कायदा हरवून जातो. पण सांबर, भेकर, चितळ, काळवीट यांच्या शिकारीच्या शौकाला कायद्याने लगाम बसला तो तेव्हा. चोरट्या शिकारी त्यानंतरही झाल्या, होतात. मात्र मचाणावरची बंदूक गेली आणि तिथे दोनच माणसं उरली : राखणीचा शेतकरी आणि रान पाहायला आलेला हौशी माणूस. मी बँकेच्या नोकरीत पहिल्या माणसाला ओळखू लागलो आणि निवृत्तीनंतर स्वतः दुसरा झालो.

आता थोडं दूर जायला हवं. माझा पुतण्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे पांढऱ्या शेपटीचं हरीण उदंड आहे, हंगाम ठरलेला आहे आणि परवाना काढून शिकार करता येते. हा स्वतः शिकारी नाही, कॅमेरा घेऊन हिंडणारा आहे. पण त्याच्या कचेरीतले लोक शरद ऋतूत शनिवार-रविवार झाडांवरच असतात. त्यांच्याकडून तोही एक विद्या शिकला. दोन वर्षांपूर्वी वैशाखात तो घरी आला, तेव्हा सोबत ते सारं सामान होतं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या आंब्याखाली त्याने घोंगडं पसरलं आणि त्यावर एकेक वस्तू मांडली.

ॲल्युमिनियमच्या चार आखूड काठ्या. प्रत्येकीला दोन्ही अंगांना पाऊल टेकायला खुंट्या. काठी खोडाला लावायची, पट्ट्याने आवळायची, तिच्यावर चढून पुढची लावायची. अशी चार काठ्यांत पंधरा-सोळा फुटांची शिडी होते आणि उतरताना ती सोडवून परत पाठीवर घेता येते. मग पाऊल ठेवण्यापुरता, भाकरीच्या परातीएवढा एक फळा. आणि शेवटी खोगीर. घोड्याचं नव्हे, माणसाचं. कमरेखाली आणि मांड्यांभोवती बसणारी जाड पट्ट्यांची झोळी, तिला पुढून दोर आणि तो दोर डोक्याच्या वर खोडाला बांधलेला. माणूस झाडाकडे तोंड करून, पाय फळ्यावर टेकवून, त्या झोळीत मागे रेलून बसतो. सगळं पिशवीत भरून आम्ही तागडीला लावलं तेव्हा आठ किलो भरलं. पेट्रोमॅक्सच्या जमान्यातल्या साहेबाची नुसती गादी याहून जड असेल.

एवढा हलकेपणाचा सोस कशासाठी, असं मी विचारलं. त्याने सांगितलेलं कारण मला पटलं. तिकडच्या सरकारी रानात पुष्कळ ठिकाणी कायमचं मचाण बांधता येत नाही, झाडात खिळा ठोकता येत नाही. जे न्याल ते परत आणावं लागतं. शिवाय हरीण शहाणं असतं. एका झाडावर दोन-चार दिवस माणूस बसला की ते वाट बदलते. त्याची वाट बदलली की माणसाला झाड बदलावं लागतं आणि मैल-दोन मैल चालत जायचं तर प्रत्येक पावशेर मोजावा लागतो. मग लोक हिशोब करू लागतात. चारऐवजी तीन काठ्या पुरतील का? बकलाऐवजी दोराची गाठ चालेल का? बकल जडही असतं आणि काठीवर आपटलं तर आवाजही करतं. कुणी तर एकच काठी नेतो, ती खालून सोडवून वर लावत चढतो आणि दोरावरून खाली सरकतो.

हा हिशोब ऐकताना मला आमच्या तपासनिसांची आठवण झाली. खर्चाला कात्री लावायची म्हटली की कागदावर सगळंच अनावश्यक दिसू लागतं. नेमकं काय कापायचं नाही हे ज्याला कळतं, तोच खरा हिशोबी. तिकडच्या शिकाऱ्यांनी ते किंमत मोजून शिकलेलं आहे. अमेरिकेत हरणाच्या शिकारीतले पुष्कळ अपघात बंदुकीने नव्हे, तर झाडावरून पडून होतात. त्यामुळे आता त्यांचा एक दंडक झाला आहे : पाय जमिनीवरून सुटल्यापासून तो परत जमिनीला लागेपर्यंत दोर अंगावेगळा करायचा नाही. चढताना कमरेचा पट्टा खोडाभोवती फिरवून पुढे सरकवत न्यायचा. बसल्यावर डोक्यावरचा दोर ताणलेला ठेवायचा. तो ढिला असेल तर माणूस तीन-चार फूट खाली येऊन हिसक्याने थांबतो आणि तो हिसकाच पाठ मोडायला पुरेसा असतो. काठी कमी करा, फळा कमी करा, पण पट्टा आणि दोर यांच्या वजनाला हात लावू नका.

त्या दिवशी आमच्याकडे शिराळा तालुक्यातले एक ओळखीचे शेतकरी आले होते. मी तिकडच्या शाखेत असताना ते पीककर्जाला येत. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना आबा म्हणतो आणि ते मला अजूनही सायेब म्हणतात. एका साली त्यांचा हप्ता थकला म्हणून मी चौकशीला गेलो, तर आबा बाजेवर होते. भात कापणीला आठ दिवस राहिले असताना पहाटे मचाणावर डुलकी लागली आणि ते खाली आले. खुबा गेला. त्या रात्रीपासून राखण थांबली आणि पुढच्या तीन रात्रींत डुकरांनी शेत लोळवलं. वनखात्याकडून पंचनामा होऊन पिकाची भरपाई मिळते. खुब्याची मात्र कुठल्याच रकान्यात नोंद नसते. आबा आजही एक पाय ओढत चालतात.

आबांनी ते सामान बारकाईनं पाहिलं. काठ्या हातात घेऊन खाली ठेवल्या. म्हणाले, “चडायला काय लागतंय सायेब, दोन हात नि दोन पाय. ह्ये शिडीबिडी आमच्या काय कामाचं न्हाई.” फळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मग तो कमरेचा पट्टा उचलला, ओढून पाहिला आणि विचारलं, “ह्यो आमच्या वायरमनच्या कमरंला आसतोय, त्योच न्हवं का?”

तोच होता. तिकडचे शिकारीही त्याला तारा ओढणाऱ्या कामगाराचाच पट्टा म्हणतात. खांबावर काम करणाऱ्या माणसासाठी निघालेली ती वस्तू झाडापर्यंत आली, एवढंच. आमच्या गावात वायरमन खांबावर चढताना शेकडो लोकांनी तो पाहिलेला आहे, पण त्या पट्ट्याचा आणि मचाणाचा संबंध कुणी जोडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही सांगलीला गेलो. कारखान्यांना सुरक्षेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात छाती, खांदे आणि मांड्या तिन्हींना धरणारा पट्टा मिळतो, त्यावर आय.एस. ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. हजार-दीड हजारापासून चांगला येतो. नुसता कमरेचा पट्टा चढताना तोल सावरायला ठीक, पण झोपेत पडणाऱ्या माणसाला तो पोटात रुतून इजा करू शकतो, म्हणून मचाणावर बसताना पूर्ण अंगाचाच घ्यावा. दोराच्या बाबतीत घरात पडलेला सुंभ किंवा उसाच्या गाडीवरचा उन्हाने करपलेला नायलॉन वापरू नये. नायलॉनवर उन्हाचा परिणाम होतो, तो वरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त खचलेला असतो. पट्ट्यात लोंबकळत राहणंही धोक्याचं असतं, पायांचं रक्त पायातच थांबतं. म्हणून हाताशी पाय अडकवायला एक फास आणि खिशात मोबाईल असावा, आणि खाली कुणाला तरी आपण कुठल्या झाडावर आहोत हे ठाऊक असावं.

झाडाची पारख मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती आबांकडूनच घ्यावी. जांभळाची फांदी कितीही जाड दिसो, ती दगा देते. पांगारा, शेवगा मऊ. चिंच वाकेल पण सहसा मोडणार नाही. चढण्याआधी वर बघायचं : आग्या मोहोळ आहे का, पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी आहेत का, वाळकी फांदी अडकून राहिली आहे का. आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचं नाही. हरीण मान वर करून क्वचितच बघतं, पण वास त्याला लांबून लागतो. संध्याकाळी थंड हवा डोंगरावरून खाली उतरते आणि सकाळी ऊन तापलं की वर चढते; ते ध्यानात घेऊन झाड निवडावं.

हौशी माणसाला हे सगळं करावं लागत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसायचा कार्यक्रम वनखातं करतं, मचाण त्यांचंच असतं. पूर्वी यालाच प्राण्यांची गणना म्हणत; आता मोजदाद कॅमेरे आणि ठरलेल्या वाटांवरच्या पाहणीवरून होते, आणि या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या रानात मी दोन पौर्णिमा काढल्या आहेत. पाणी, दशम्या, घोंगडी, मळकट रंगाचे कपडे. अत्तर, तंबाखू, फ्लॅश खाली ठेवायचं. एवढ्या ओझ्यात रात्र निघते. पहाटे तीनच्या सुमाराला सांबराची मादी पाण्यावर आली, पाऊल आपटलं, ढाँक् करून एकदा ओरडली आणि उभी राहिली. आम्ही श्वास रोखून होतो. तिचं पाणी पिऊन झालं तेव्हा माझ्या शेजारच्या वनरक्षकाने हलकेच मान हलवली, पाहुणी जेवून उठल्यासारखी.

पण ती सांबरीण वर्षभर पाणवठ्यावर थांबत नाही. तिचीच जात कार्तिकात आबांच्या भातात उतरते. सांगली जिल्ह्यातच सागरेश्वर आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर झाडी उभी राहिली आणि १९८५ साली अभयारण्य झालं. पुढे तिथली हरणं वाढली आणि भोवतालच्या शेतकऱ्यांना पिकं राखायची पाळी आली. रान वाढवणं हे पुण्याचं काम आहेच, पण त्याचा हप्ता दर हंगामात शेजारचा शेतकरी भरत असतो.

तो हप्ता त्याने कसा भरायचा हा खरा प्रश्न आहे. जागणं जमत नाही म्हणून कुणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्यात डुक्कर मरतं, सांबर मरतं आणि पहाटे पाण्याच्या पाळीला निघालेला सख्खा भाऊही मरतो. कुणी फासे लावतो. या दोन्हींच्या तुलनेत मचाणावर बसून डबा वाजवणारा माणूस म्हणजे रान आणि शेत यांच्यातला सगळ्यांत सभ्य करार आहे. जनावर जिवंत परत जातं, पीक वाचतं. फक्त तो माणूस खाली पडता कामा नये. तो पडला की दुसऱ्या दिवशी तार येते.

आमच्या गावागावांत सोसायट्या आहेत, दूध संघ आहेत, साखर कारखाने आहेत. फवारणीचा पंप अनुदानावर मिळतो, ताडपत्री मिळते. त्या यादीत राखणीचा पट्टा घालायला कुणाची हरकत असू नये. कर्ज देताना मी आयुष्यभर तारण पाहिलं. जमीन पाहिली, बैल पाहिले, विहिरीचं पाणी पाहिलं. रात्री झाडावर बसणारा माणूस हेच त्या पिकाचं मोठं तारण असतं.

आबा आता वर चढत नाहीत, त्यांचा धाकटा चढतो. सांगलीहून आणलेला पट्टा पहिल्या रात्री त्याने लाजून खुंटीलाच ठेवला होता, पोरं हसतील म्हणून. आबांनी काही न बोलता तो झाडाखाली नेऊन दिला आणि मुलाने अंगावर चढवेपर्यंत तिथेच उभे राहिले.