भिंतीवरील बुरशी आणि कुटुंबातील श्वासरोग

केंदूर हे शिरूर तालुक्यातील, पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील गाव. येथे ओलीपेक्षा पाणीटंचाईचीच चर्चा अधिक. घरातील बुरशी हा कोकणातील वैद्यांचा विषय, अशी माझीही समजूत होती. ती एका बालरुग्णामुळे बदलली.

सहा वर्षांच्या या मुलास सलग दोन वर्षे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत रात्री कास व घुरघुर होत असे. सितोपलादी, तालीसादी, वासावलेह दिले. आठ दिवस उपशय मिळे, पुन्हा तेच. आजोळी गेला की तो औषधावाचून बरा असे. आईने हे मला दोनदा सांगितले होते. मी ते हवापालट समजून सोडून दिले. पुढे त्याच्या आजीस ज्वर आला म्हणून घरी जाणे झाले, तेव्हा मुलाच्या पलंगामागे वीतभर उंचीपर्यंत करडी-हिरवी बुरशी दिसली. चूक माझी होती. आहारविहार विचारला, झोपण्याची जागा विचारली नाही.

चरकाचार्यांनी श्वासाच्या हेतूंत रज, धूम व वात यांबरोबर शीतस्थानही सांगितले आहे. वाग्भटांच्या वर्षा ऋतुचर्येत बाष्प व शीत नसलेल्या जागी राहावे, वस्त्रे धूपित करावीत असा उपदेश आहे. ग्रंथांत बुरशीचे नाव शोधण्याचा अट्टहास नको. ओलसर निवासाचा निषेध पुरेसा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही घरातील ओल व बुरशीचा संबंध दमा व श्वसनविकारांशी जोडलेला आहे.

कोरड्या गावात ही ओल येते कोठून? जुन्या मातीच्या भिंती दमटपणा शोषून घेत व पुन्हा सोडत. आता स्लॅबचे घर, सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट आणि बंद सरकत्या खिडक्या. गळक्या स्लॅबचे पाणी, स्वयंपाकाची वाफ, घरातच वाळत घातलेले कपडे यांची ओल भिंतीला टेकलेल्या कपाटामागे साचते. आमच्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कांदा. बराखीतील कांद्यावरची काळी भुकटी ही अॅस्परजिलस नायगर नावाची बुरशीच होय. निवडताना ती उडते आणि अनेक घरी हे काम ओसरीवर, मुलाबाळांच्या देखत चालते.

सगळेच पांढरे डाग बुरशी नसतात. लोणा स्फटिकासारखा असतो व पाण्यात विरघळतो. बुरशीला बहुधा कुबट वास येतो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या भीतीने अनेक जण भिंतीवरचे काळे डाग दाखवू लागले होते. तो रोग मुख्यतः अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडच्या वापराशी निगडित होता, हे त्यांना शांतपणे सांगावे लागले.

निदानपरिवर्जन हीच येथील प्रथम चिकित्सा. गळती थांबवावी, पलंग व कपाट भिंतीपासून हातभर दूर घ्यावे, नाकातोंडाला फडके बांधून डाग साबणाच्या पाण्याने ओलेच पुसावेत. कोरडे खरवडल्यास बीजाणू घरभर पसरतात. गुग्गुळ, निंब, वचा यांचे धूपन रुग्ण खोलीत असताना करू नये, कारण धूम हाही श्वासाचा हेतूच. आणि रुग्णाचा चालू असलेला इनहेलर आपल्या भरवशावर बंद करू नये. वरील मुलाचा पलंग हलवून स्लॅबची गळती काढल्यावर पुढील पावसाळ्यात त्याला दोनदाच औषध लागले.

औषधी दुकानदार बंधूंसाठी वेगळे सांगणे आहे. चरकांच्या कल्पस्थानात औषधे ठेवण्याची जागा अग्नी, जल, धूर, धूळ व उंदीर यांबरोबरच उपस्वेदापासून, म्हणजे दमटपणापासून, सुरक्षित असावी असे म्हटले आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियाने चूर्णांतील यीस्ट व बुरशीची मर्यादा प्रति ग्रॅम १,००० इतकी ठरवली असून अॅफ्लाटॉक्सिनलाही मर्यादा घातली आहे. बुरशी आलेले चूर्ण उन्हात वाळवून, चाळून पुन्हा बरणीत भरण्याची प्रथा मी पाहिली आहे. उन्हाने बुरशी वाळते; अॅफ्लाटॉक्सिन तयार झाले असल्यास त्याची खात्रीलायक शुद्धी होत नाही. असे चूर्ण टाकूनच द्यावे, मग ते कितीही महाग असो.