भ्यालेल्या कुत्र्याचें संगोपन

शेतकऱ्याच्या घरीं बैलाचें कौतुक होतें, गाईची पूजा होते. कुत्र्याच्या वांट्यास मात्र उरलेली भाकर आणि अधूनमधून काठी येते. वास्तविक जागलीच्या रात्रीं माणसाच्या आधीं सावध होतो तो कुत्राच. रोही व रानडुकरें यांचा हरभरा, तूर इत्यादि पिकांस आपल्या अमरावती-अकोला भागांत किती उपद्रव होतो, हें वाचकांस सांगावयास नको. म्हणून पुष्कळदां कोणी शेतकरी रस्त्यावर मार खाल्लेलें कुत्रें दया येऊन वावरांत आणतो. परंतु तें भितें, लपतें, प्रसंगीं गुरगुरतें, आणि मग ‘हें कामाचें नाहीं’ म्हणून पुन्हां रस्त्यावर जातें. असें कां होतें व त्यावर उपाय काय, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर वावरांत राहावयास आला, त्या वर्षींची गोष्ट. बाजाराहून परततांना गळ्यांत तार रुतलेला एक कुत्रा आढळला, तो घरीं आणला. चार दिवस तो कडब्याच्या गंजीमागून बाहेर आला नाहीं. भाकर टाकली तर न खातां कुटारांत पुरून ठेवी. सालदारानें बैलांकरितां तुतारी उचलली कीं हा जमिनीस पोट टेकून लघवी करी. आम्ही तो द्वाडपणा समजलों. पुढें एके रात्रीं रानडुकरें हुसकण्यास फटाका लावला, तेव्हां कुत्रा जो पळाला तो सकाळीं गाडीखालीं दडलेला सांपडला. मीं रागानें त्यास ओढावयास हात घातला, आणि त्यानें हात फोडला. गांवकरी म्हणाले, ‘पिसाळला, मारून टाका.’ परंतु कुत्रा पिसाळलेला नव्हता. तो भ्यालेला होता, आणि चूक माझी होती.

भीतीचीं कारणें मुख्यतः दोन. पहिलें बालपणाचें. पिल्लू सुमारें तीन आठवड्यांचें झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचें होईपर्यंत जें जें निर्भयपणें पाहतें, त्याचा त्यास पुढें सराव राहतो. त्या काळांत माणसाचा हात त्यास प्रेमानें लागला नाहीं, तर पुढें तो हात परका वाटतो. दुसरें कारण एखाद्या आघाताची आठवण. याचें प्रसिद्ध उदाहरण रशियांतील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेंतील होय. कुत्र्यास अन्नापूर्वीं ठराविक खूण दिली म्हणजे पुढें नुसत्या खुणेनें त्याच्या तोंडास पाणी सुटतें, हें त्यांनीं दाखविलें. १९२४ सालीं लेनिनग्राड शहरास महापूर आला. त्यांचीं कुत्रीं पिंजऱ्यांत कोंडलेलीं होतीं. पाणी चढत चढत त्यांच्या डोक्यापर्यंत आलें. माणसांनीं त्यांस वांचविलें खरें. पण पाहतात तों कांहीं कुत्र्यांच्या शिकलेल्या संवयी नाहींशा झालेल्या! त्या पुन्हां जुळण्यास बराच काळ लागला. आणि जुळल्यावरहि दाराखालून पाण्याची बारीक धार सोडतांच जुनी भीति परत उफाळली. पुरांतून काढलेला कुत्रा भीतींतून निघालेला नसतो, हा त्याचा बोध.

आतां उपाय.

(१) कुत्र्यास तिन्ही बाजूंनीं बंद असा एक कोपरा द्यावा. त्यांत तो असतां कोणींहि हात घालूं नये. मुलांस तर सक्त ताकीद असावी.

(२) अन्न ठराविक वेळीं ठेवून दूर, अंग तिरपें करून बसावें. डोळ्यांस डोळा लावूं नये. पुढचें अन्न नक्की मिळेल असा भरंवसा बसला म्हणजे पुरून ठेवण्याची खोड कमी होते.

(३) ज्या वस्तूचें भय, ती लांबून दाखवावी. आम्ही तुतारी वीस पावलांवर जमिनीस पाडून ठेवीत असूं व इकडे भाकरीचे तुकडे देत असूं. तो खात राहिला तर दुसरे दिवशीं एक पाऊल जवळ. खाणें थांबलें तर दोन पावलें मागें. घाई केल्यास केलेलें काम बुडतें.

(४) गुरगुरल्याबद्दल कधींहि मारूं नये. गुरगुरणें ही त्याची नोटीस होय. नोटीस दिल्याबद्दल शिक्षा झाली, तर पुढच्या वेळीं तो नोटिशीवांचून एकदम जप्तीच करतो.

(५) कुत्र्याचा कान आपल्यापेक्षां फार तीक्ष्ण असतो. म्हणून दिवाळींत, किंवा वावरांत फटाके लावावयाचे असतील तेव्हां, त्यास आधींच आंतल्या खोलींत ठेवावें. त्या वेळीं तो जवळ आला तर कुरवाळण्यानें भीति वाढत नाहीं. भय अतिशयच असेल तर पशुवैद्यांजवळ त्यावर औषधें आहेत. माणसाच्या गोळ्या मात्र देऊं नयेत. दूरच्यांनीं तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा; अकोल्यास तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच आहे.

चावण्याविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. कुत्रा भ्यालेला असो कीं ओळखीचा, जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लशीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहतो कीं काय तें पाहावें, पण त्यासाठीं लस लांबवूं नये. कारण रोग एकदां उमटला कीं मृत्यु बहुधा टळत नाहीं. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितोच असें नाहीं. पाण्याचें भय हें त्या रोगानें पीडित माणसाचें लक्षण आहे. आणलेल्या कुत्र्यास प्रथमच लस टोंचावी व ती दरसाल चालू ठेवावी.

आमचा कुत्रा सात महिन्यांनीं सालदाराच्या मागें चालूं लागला. मृगाचा पहिला गडगडाट झाला कीं तो आजहि खाटेखालीं शिरतो, आणि तें त्यास माफ आहे. रानडुकरांवर तो धांवून जात नाहीं; भुंकून आम्हांस उठवितो, तेवढें पुरें.

गोऱ्ह्यास आपण पहिल्याच दिवशीं नांगरास जुंपीत नाहीं. आधीं नुसतें जूं, मग रिकामें फिरविणें, मग हलकें वखर, असा क्रम वडिलोपार्जित चालत आला आहे. तोच धीर कुत्र्याच्या बाबतींत दाखवावा, एवढेंच सांगणें.