साथीच्या वाद्याचा स्वतंत्र स्वर : जॅको पास्टोरियस यांचा १९७६ मधील अल्बम

जॅझ आणि रॉक यांच्या संयोगातून आकारास आलेल्या फ्यूजन शैलीत बास गिटार या वाद्याचे स्थान बहुधा साथीचे होते. लय सांभाळणे आणि कॉर्डचा आधारस्वर देणे हे त्याचे कार्य. अमेरिकन वादक जॅको पास्टोरियस (१९५१-१९८७) यांच्या 'जॅको पास्टोरियस' या पहिल्याच अल्बमने ही मर्यादा ओलांडली. स्टॅन्ले क्लार्क यांनी या दिशेने आधीच पाऊल टाकले होते. त्यामुळे सर्व श्रेय एकट्या पास्टोरियस यांना देणे ऐतिहासिकदृष्ट्या योग्य ठरणार नाही. तथापि या वाद्याला गळा दिला तो त्यांनीच, असे म्हणता येते.

बॉबी कोलोम्बी यांची निर्मिती असलेला हा अल्बम 'एपिक' कंपनीने प्रसिद्ध केला. त्यातील नऊ रचनांपैकी पहिली 'डॉना ली' ही मुळात १९४७ साली चार्ली पार्कर यांच्या चमूने ध्वनिमुद्रित केलेली, सॅक्सोफोन व ट्रम्पेट यांच्यासाठीची अतिद्रुत धून आहे. पास्टोरियस ती डॉन अलायस यांच्या काँगाच्या साथीवर बासवर वाजवतात. पियानो नाही, ड्रम-संच नाही. म्हणजे ज्या कॉर्डना बासने एरवी आधार द्यायचा, त्या कॉर्डची जाणीवही येथे एकट्या बासच्या स्वरावलीनेच करून द्यावी लागते.

त्यांच्या फेंडर जॅझ बासवरील धातूचे पडदे काढलेले होते व पट्टीवर इपॉक्सीचा कठीण थर दिलेला होता. पडद्याविना बास ही कल्पना नवी नव्हती. अँपेग कंपनीने १९६६ मध्येच तसे वाद्य बाजारात आणले होते. पडदे नसल्याने सरोदप्रमाणे स्वरांमधील अंतर सलग घसरत ओलांडता येते, मात्र स्वरस्थानाची सारी जबाबदारी बोटावर येते. कठीण थरामुळे नाद तेजस्वी होतो व अधिक काळ टिकतो. 'कंटिन्यूअम'मधील दीर्घ, किंचित कंपित स्वर याचेच फलित होय.

'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ही रचना विशेष विवेचनास पात्र आहे. कंप पावणारी तार न दाबता, तिच्या लांबीच्या निम्म्यावर बोट हलकेच टेकविल्यास दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिळतो, एक तृतीयांशावर तिप्पट, तर एक पंचमांशावर पाचपट. हा पाचपट स्वर म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधारच. पियानोच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. चार तारांवर असे सुस्पष्ट स्वर मोजकेच मिळतात. पास्टोरियस यांनी त्या मोजक्या स्वरांतून संपूर्ण रचना बांधली, खाली खर्जातील स्वर धरून वर स्वयंभू स्वरांचे पुंजके ठेवले. वाद्याची मर्यादा हीच येथे रचनेची सामग्री ठरते. सॅम अँड डेव्ह यांनी गायलेले 'कम ऑन, कम ओव्हर' हे सोल गीत याच अल्बममध्ये असावे, हे मात्र काहीसे विजोड वाटते.

'ओपस पोकस'मध्ये कॅरिबियन स्टील ड्रम आहेत, 'ओकोंकोले य त्रोंपा'त फ्रेंच हॉर्न. पास्टोरियस फ्लोरिडात वाढले. कॅरिबियन संगीत त्यांच्या कानांना परके नव्हते. म्हणून ही सरमिसळ ओढूनताणून केलेली भासत नाही.

वयाच्या ३५ व्या वर्षी मारहाणीत झालेल्या दुखापतींमुळे ओढवलेल्या त्यांच्या मृत्यूचीच चर्चा पुढे अधिक झाली आणि वादनाचा तांत्रिक विचार मागे पडला. 'फॉरगॉटन लव्ह' या शेवटच्या रचनेत हर्बी हॅनकॉक यांचा पियानो आणि तंतुवाद्ये पुढे येतात. बासवादकाच्या अल्बमचा शेवट बासविषयी नसतो.