राहायला कुठं?

मुंबई महापालिकेच्या एम पूर्व वॉर्डात सरकारच्या हाताने वसलेल्या दोन वसाहती आहेत. एक अणुशक्तीनगर. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांसाठी बांधलेली. रुंद रस्ते, झाडं, मैदानं, स्वतःच्या शाळा. दुसरी चीता कॅम्प. खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून आखलेल्या चिमुकल्या प्लॉटांची. दोन्ही एकाच विधानसभा मतदारसंघात येतात आणि मतदारसंघाला नाव पहिलीचं आहे. अणुशक्तीनगरातल्या पोराला कुणी 'राहायला कुठं?' असं विचारलं की तो वसाहतीचं नाव सांगून मोकळा होतो. चीता कॅम्पातला पोरगा आधी 'ट्रॉम्बे' म्हणतो. फारच खोलात शिरलात तर 'मानखुर्दच्या पुढं'.

चीता कॅम्प वसला तोही अणुसंशोधन केंद्रामुळेच. तिथल्या लोकांची आधीची वस्ती होती जनता कॉलनी. ती काही कुणी रात्रीतून बळकावलेली जागा नव्हती. शहरातल्या झोपड्या हलवून महापालिकेनेच तिथे लोक आणून सोडले होते. मग ती जागा अणुसंशोधन केंद्राला हवीशी झाली. वर्षानुवर्षं कज्जे चालले, मोर्चे निघाले, आणि आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, पोलीस बंदोबस्तात सुमारे सत्तर हजार लोकांची वस्ती पाडली गेली. हा लढा लढवणारे जॉकिन अर्पुथम पुढे झोपडीवासीयांचे जगभर माहीत असलेले नेते झाले, त्यांना २००० साली मॅगसेसे आणि पुढे पद्मश्रीही मिळाली. त्यांनीच सांगितलेली सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट आहे. जनता कॉलनीतला कचरा महापालिका उचलत नव्हती. जॉकिननी वस्तीतली पोरं गोळा केली, प्रत्येकाच्या हाती थोडा थोडा कचरा दिला आणि तो थेट महापालिकेच्या कचेरीसमोर नेऊन टाकला. घाण कोण करतं आणि ती उचलायची कुणी, हा वाद त्या पोरांनी साहेबांच्या दारात नेला. निकाल अजून लागलेला नाही.

या वॉर्डाचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. शहराला जे नकोसं झालं ते इथे आलं आणि बहुतेक वेळा सरकारी आदेशाने आलं. १९२७ पासून देवनारला कचरा पडतो आहे. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. तेलशुद्धीकरणाचे कारखाने शेजारी माहुलला. भिक्षेकऱ्यांचं गृह आणि बालगृह मानखुर्दला. सत्तरच्या दशकात शहरभरच्या झोपडपट्ट्या उठवून त्यांतली माणसं गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत आणली गेली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उठलेली, बहुतांशी दलित कुटुंबं आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मिश्र वस्त्यांत राहण्याची हिंमत संपलेले मुसलमान आले. गोवंडीबद्दल नाक मुरडणाऱ्यांच्या मनात कचऱ्याचा वास असतो तसा जातीधर्माचाही असतो, फक्त पहिल्याबद्दल उघड बोलता येतं.

माझं शाळकरी वय शिवाजीनगरात गेलं. महापालिकेने आखलेला प्लॉट दहा फूट बाय पंधरा फूट. दारातून आत शिरलं की कोपऱ्यात कमरेइतक्या भिंतीची मोरी, तिच्या कडेला पाण्याची निळी पिंपं, ओट्यावर स्टोव्ह, वर पोटमाळा. पोटमाळ्याला जिना बाहेरून, लोखंडी आणि इतका उभा की आजीला तो कधी चढता आला नाही. पोटमाळा भाड्याने दिलेला, कारण त्या भाड्यावर आमची फी. पत्ता म्हणजे प्लॉट नंबर, लाइनचं अक्षर, रूम नंबर, रोड नंबर. बाहेरच्या माणसाला तो कोड वाटायचा. आम्हाला मात्र कुठल्या लाइनीत नळ किती वाजता येतो इथपर्यंत त्यातून कळायचं. एवढी शिस्तीने आखलेली वस्ती 'बेकायदा' कशी, हे मला लहानपणी उमगायचं नाही. आजही तिला सरसकट झोपडपट्टी म्हणतात आणि महापालिकेने तिचा नकाशा काढला होता हे सोयीस्करपणे विसरतात.

कॉलेजात गेल्यावर आम्ही सगळेच 'चेंबूर'चे झालो. चेंबूर हे गोवंडीकराचं दुसरं नाव. बायोडेटावर चेंबूर, मैत्रिणीच्या आईला चेंबूर, रिक्षात बसताना मात्र नाइलाजाने खरं सांगायचं आणि 'उधर नहीं जाएगा' ऐकून खाली उतरायचं. एका खासगी कंपनीत माझी मुलाखत छान रंगली होती. शेवटी साहेबांनी अर्ज उलटून पत्ता वाचला आणि विचारलं, ''तिकडे रात्री शिफ्टनंतर सुखरूप पोचता का तुम्ही?'' प्रश्न काळजीचा होता. नोकरी मिळाली नाही. पत्त्यामुळे मिळाली नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही आणि या प्रकारातली खरी गोम हीच आहे. तुम्हाला कधीच सिद्ध करता येत नाही. कर्जाच्या बाबतीत तरी गोष्ट जरा उघड असते. बँकांच्या वसुलीवाल्यांच्या बोलीत 'निगेटिव्ह एरिया' असा शब्द आहे. पगाराची स्लिप, आधार, सगळं नीट असूनही पिनकोड टाकल्यावर फाइल थांबते. लग्नाच्या बोलण्यांत तर पिनकोडही लागत नाही. 'मुलगा चांगला आहे हो, पण मुलीला तिकडे नांदायला पाठवायचं म्हणजे...' इथे वाक्य सोडून दिलं जातं.

याला समाजशास्त्रात नाव आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लोइक वाकां यांनी शिकागोतल्या काळ्यांच्या वस्त्या आणि पॅरिसच्या उपनगरांतल्या सरकारी इमारती यांचा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला. गरिबी, वर्ण, धर्म यांच्या जोडीला जागेचाही स्वतंत्र कलंक असतो, असं त्यांचं म्हणणं. राहणारा माणूस तो कलंक अंगावर घेतो किंवा शेजाऱ्यावर ढकलतो. हा दुसरा भाग मला फार ओळखीचा वाटतो. शिवाजीनगरवाला म्हणतो, आमच्याकडे ठीक आहे, खरा लफडा शेजारच्या रफिकनगरात. इमारतीतला म्हणतो, आम्ही झोपडपट्टीवाले नाही, बिल्डिंगवाले. फ्रान्सने २०१४ मध्ये कायदा बदलून राहत्या ठिकाणावरून भेदभाव करणं हा गुन्हा ठरवला. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांच्या पंक्तीत 'निवास' हा शब्द पहिल्यापासून आहे. मात्र ते कलम सरकारी नोकरीपुरतं. मुलाखत घेणाऱ्या खासगी साहेबाला, बँकेला, रिक्षावाल्याला ते लागू नाही.

बिल्डिंगवाल्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण 'लोकांच्या सवयीच घाणेरड्या' हा आरोप सगळ्यात जास्त त्यांच्यावर होतो. मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांच्या कामासाठी २००२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा प्रकल्प सुरू झाला. रुळांकाठच्या आणि रस्त्यांकाठच्या एक लाखावर लोकांना उठवून पक्क्या घरांत हलवायचं होतं. त्यांतली कितीतरी घरं मानखुर्द-गोवंडी-चेंबूरच्या पट्ट्यात आली, लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका अशा वसाहतींत. नटवर पारेख कंपाउंड त्याच साच्यातलं. तक्रारी इतक्या गेल्या की बँकेच्या तपासणी मंडळाने डिसेंबर २००५ मध्ये ताशेरे ओढले आणि मार्च २००६ मध्ये बँकेने काही काळ पैसे रोखले. रोजगारापासून लांब नेलेली माणसं, पाण्याचे आणि देखभालीचे प्रश्न, लोकांशी न बोलता घेतलेले निर्णय, अशी ती यादी होती.

इमारतींकडे मात्र कुणी फारसं पाहिलं नाही. पुनर्वसनाच्या इमारतींना बांधकामाचे नियम शिथिल करता येतात. तेव्हाच्या नियमांत घर २२५ चौरस फुटांचं होतं, हेक्टरी किमान पाचशे घरं. जागा मौल्यवान म्हणून इमारती सात-आठ मजली आणि दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. नटवर पारेखमध्ये अशा साठेक इमारती आहेत. तळमजल्यावरच्या घरात भर दुपारी गेलात तर ट्यूबलाइट चालू असते. खिडकी आहे, पण ती बंद, वर फडकं कोंबलेलं. उघडत का नाही म्हणून विचारलं तर उत्तर एकच: वरून कचरा पडतो. वरचे कचरा टाकतात, कारण लिफ्ट बंद, कचऱ्याचा डबा लांब, घंटागाडी आत वळत नाही. गल्लीत कचरा साचतो, त्यातून उंदीर आणि डास येतात, म्हणून खालचे खिडक्या बंद ठेवतात. खिडक्या बंद म्हणून हवा नाही, ऊन नाही, धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसोबत केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. लल्लूभाई आणि नटवर पारेख या वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण भोवतालच्या, जास्त मोकळ्या जागेत बांधलेल्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर धोका सगळ्यात मोठा. दोन्हीकडची माणसं साधारण एकाच आर्थिक थरातली. फरक होता प्रकाशाचा आणि हवेचा.

म्हणजे कचरा फेकणारा माणूस निर्दोष झाला का? नाही. मी त्याला निर्दोष ठरवत नाही. पण त्याच्या सवयीवर लिहिलेले पन्नास लेख मी वाचले असतील. तीन मीटरच्या नकाशावर सही करणाऱ्याच्या सवयीवर एकही वाचलेला नाही.

वस्तीबद्दल कळवळ्याने लिहिणारेही कधीकधी अन्यायच करतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व वॉर्ड तळाला होता, निर्देशांक ०.०५. त्याच अहवालातला मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आकडा, सुमारे ३९ वर्षं, उचलून वर्तमानपत्रांनी 'गोवंडीकरांचं आयुर्मान ३९' असं छापलं. ही दोन वेगळी मापं आहेत. जिथे लहान मुलं आणि तरुण जास्त, तिथे मरणाऱ्यांतही तेच जास्त असणार आणि सरासरी खाली येणार. बालमृत्यू आहेत, क्षय आहे, हे सगळं खरंच आहे आणि भयंकर आहे. पण चाळिशीच्या आत सगळे मरतात असं वाचून मोठा होणारा पोरगा आपल्या पन्नाशीच्या बापाकडे काय म्हणून बघेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने केला नव्हता. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस रफिकनगरात गोवराने मुलं दगावली तेव्हाही पहिला ठपका 'लस न घेणाऱ्या' आईबापांवर आला. कोविडकाळात लसीकरणाचं काम रेंगाळलं होतं, लाखांच्या वस्तीला आरोग्य केंद्रं मूठभर होती, हे मागाहून.

गुन्हेगारी नाही असं कुणी म्हणणार नाही. 'बटन' म्हणजे झोपेच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, गांजा, सगळं मिळतं. त्याचा सर्वात मोठा त्रास वस्तीतल्यांनाच होतो आणि पोलीस ठाण्यावर त्यासाठी मोर्चे नेणारेही तिथलेच, पुढे बहुतेक वेळा बायका. पण वांद्र्यात कुणी पकडलं गेलं तर बातमीत त्याचा धंदा येतो. गोवंडीत पकडलं गेलं तर बातमीत गोवंडी येते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाउंडमध्येच गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला. वस्तीतल्या मुलामुलींनी फिल्म केल्या, फोटो काढले, रॅप लिहिले, कागदाचे मोठे कंदील करून त्याच अरुंद गल्ल्यांतून मिरवणूक काढली. इंग्लंडमधल्या कलासंस्थाही त्यात सामील होत्या. तिकडच्या सरकारी वसाहतींतल्या पोरांनाही पत्ता लपवावा लागतो, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नसेल. मला या सगळ्यात नाव महत्त्वाचं वाटलं. महोत्सवाला 'चेंबूर' म्हटलं असतं तर पाहुणे कदाचित जास्त आले असते. 'गोवंडी'च ठेवलं. अर्थात एका मिरवणुकीने बँकेची 'निगेटिव्ह एरिया'ची यादी बदलत नाही आणि ती बदलावी म्हणून कुणी मिरवणूक काढली असंही नव्हतं.

त्याआधी माहुलमध्ये पुनर्वसनासाठी बहात्तर इमारती, सतरा हजारांवर घरं बांधली गेली आणि तानसा जलवाहिनीकाठच्या लोकांना तिथे हलवलं गेलं. तिथली हवा आरोग्याला घातक आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कुणाला जबरदस्तीने माहुलला पाठवू नका, त्याऐवजी महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देवनार डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. धारावीत घराला अपात्र ठरलेल्यांसाठी तिथे घरं बांधायची. हा तोच डोंगर, जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. जवळपास शतकभर साचलेला १८५ लाख टन कचरा उपसण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली. उपसून झाल्यावर इमारती उभ्या राहतील. त्यांचे नकाशे मंजुरीला येतील तेव्हा दोन इमारतींमधलं अंतर किती मीटर ठेवलं आहे, तेवढं कुणीतरी टेप लावून आधी बघावं.