दोघांची मिळून एक चाल

सिकू हे नळ्यांचे वाद्य. पेरूच्या दक्षिणेस, ३,८१२ मीटर उंचीवरच्या तितिकाका सरोवराच्या काठी, पुनो भागातल्या आयमारा आणि केचुआ गावांत ते वाजते. त्यासाठी लागणारा पोकळ वेळू त्या थंड पठारावर होत नाही. तो पूर्वेच्या उष्ण खोऱ्यांतून येतो. कांडे पेराखाली कापले की तळ आपोआप बंद राहतो. नळी लांब असेल तर सूर खालचा, आखूड असेल तर वरचा. वरची कड जराजराशी उतरवत, फुंकून पाहत सूर जुळवायचा. हात फार जपून चालवावा लागतो, कारण जास्त कापलेली नळी पुन्हा लांब करता येत नाही. मग नळ्या उतरत्या क्रमाने ठेवून आडव्या पट्टीला बांधतात.

एवढे करूनही वाद्य अर्धेच तयार होते. सिकूचे दोन भाग असतात: इरा आणि आर्का, म्हणजे पुढे जाणारा आणि मागून येणारा. सर्वाधिक प्रचलित जोडीत इराला ६ आणि आर्काला ७ नळ्या असतात. दोन्ही मिळून १३ सूर होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंतचे सगळे शुद्ध स्वर. पण ते एकाआड एक वाटलेले असतात. पंचम आर्काकडे, धैवत इराकडे, निषाद पुन्हा आर्काकडे, षड्ज इराकडे. त्यामुळे साधी सरळ सुरावटही एकट्याला वाजवता येत नाही. इरावाला फुंकतो तेव्हा आर्कावाला श्वास घेतो. विरळ हवेत हा विसावा मोलाचा. सूर सोडताना क्षणाचाही उशीर झाला तर चालीत भोक पडते.

मोठ्या ताफ्यात लहान-मोठ्या आकारांच्या अनेक जोड्या एकच चाल वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. साथीला मोठे ढोल असतात. एखाद्याचा सूर वेगळा ऐकू आला तर तो दोष मानतात. सगळा ताफा एकच वाद्य वाटावा, ही कसोटी.

कोनिमा गावातली चाल बांधण्याची रीत तर विशेषच सुंदर आहे. सणाच्या तोंडावर वादक जमतात. कुणी एखादा तुकडा हळूच फुंकून पाहतो. आवडला तर शेजारचे तो उचलतात. नाही आवडला तर कुणीही वाईट म्हणत नाही, तुकडा आपोआप विरून जातो. पहिला भाग बसला की बहुधा त्यातूनच दुसरा आणि तिसरा निघतो. प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि पूर्ण चाल पुन्हा पुन्हा फिरते. तयार झालेली चाल साऱ्या मंडळाची ठरते.

फेब्रुवारीत पुनो शहरात कान्देलारिया मातेचा उत्सव होतो, त्यातही सिकूचे ताफे वाजतात. युनेस्कोने २०१४ मध्ये या उत्सवाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. १९७० च्या दशकात पुनोहून लिमाला गेलेल्या तरुणांनी तिथेही सिकूचे ताफे उभे केले. शहरी वाद्यवृंदांत मात्र एकच वादक दोन्ही भाग एकत्र धरून वाजवताना दिसतो. सूर तेच लागतात, पण देवाणघेवाण हरवते. सिकू ऐकायचा तर जोडीचा ऐकावा.