बाल्सावरचा काचेचा पापुद्रा

रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा देह पुष्कळदा बाल्साच्या लाकडाचा असतो. मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे हे लाकूड इतके मऊ की नख टेकले तरी वण उठतो. शिवाय ते तेल पिते. इंजिनाच्या एक्झॉस्टमधून उडालेले इंधन आणि तेल मुरत गेले की लाकूड जड होते आणि रंग सुटू लागतो. म्हणून बाल्सावर फायबरग्लासचे तलम कापड रेझिनने चिकटवतात. पृष्ठभाग टणक होतो, तेल आत शिरत नाही आणि वर खऱ्या विमानासारखा रंग चढवता येतो.

कापड चौरस मीटरला सुमारे २५ ग्रॅम वजनाचे, ओढणीहूनही विरळ. दीड मीटर लांब आणि पाव मीटर रुंद पंखाला दोन्ही बाजू धरून जेमतेम १९ ग्रॅम लागते. वजन वाढते ते रेझिनमुळे.

आधी लाकूड बारीक पॉलिश पेपरने घासून खड्ड्यांत हलकी लांबी भरतात. या टप्प्यावर राहिलेला खड्डा रंगानंतर जास्तच डोळ्यांत भरतो. धूळ झटकून कापड अंथरायचे आणि मऊ ब्रशने मधून कडेकडे सपाट करायचे. घडीच्या सुरकुत्या रात्रभरात बऱ्याचशा आपोआप बसतात. गोलाईवर कापड तिरके कापलेले असले तर चांगले वळते.

पातळ इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर डिजिटल काट्यावर, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मोजावे. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवणे ही नवख्यांची हमखास चूक. त्याने थर चिकटच राहतो. मिश्रण मधोमध ओतून जुन्या एटीएम कार्डाने कडेकडे ओढतात. खरे कौशल्य रेझिन लावण्यात नाही, काढण्यात आहे. कार्ड पुन्हा फिरवायचे, मग वरून टॉयलेट पेपरचा रोल हलकेच लोळवून जादा रेझिन टिपून घ्यायचे. कापडाची वीण दिसत असावी, पण पृष्ठभाग ओला चमकू नये. चमकतो तिथे फुकटचे वजन बसलेले असते.

साधारण चोवीस तासांनी कडेचे लोंबते कापड पॉलिश पेपरने घासले की सुरेख तुटते. दमट हवेत, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात हमखास, काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. दुसऱ्या पातळ हातात मायक्रोबलून, म्हणजे काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड, मिसळली की वीण भरते आणि घासायलाही सोपे जाते. घासताना धागे उघडे पडू लागले की हात थांबवावा. त्यावर प्रायमर, तोही बहुतेक घासूनच काढायचा, फक्त बारीक छिद्रांत उरू द्यायचा. मग रंग.

हातमोजे आणि मास्क हवेतच. काचेची धूळ कातडीला खाज आणते आणि फुप्फुसांना बाधते. थर्माकोलच्या पंखावर स्वस्त पॉलिस्टर रेझिन कधीही लावू नये, त्यातले स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकते. तिथे इपॉक्सीच हवे. आणि मीटरभराच्या आतल्या छोट्या, हलक्या विमानाला हा खटाटोप सहसा परवडत नाही. त्याला इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिक फिल्मच बरी.